चारमिनारच्या दारातला डाग

"महाराज, काळे झालेले रुपये जातात कुठं?"

हा प्रश्न विचारायची पैज संस्कृतीनं लावली होती. दहावीत माझ्याच बाकावर बसते ती. "तू कायम तोंडातल्या तोंडात पुटपुटती. भर दरबारात उभी राहून विचार, आठ दिवस माझा डबा तुझा," असं सगळ्या पोरींसमोर म्हणाली. पैज म्हणजे पैज! गुरुवारी हर्सूलच्या तलावाअलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये तीन-चारशे माणसांतून मी ताडकन उठले आणि विचारून मोकळी झाले.

त्याआधी दोनच मिनिटं चमत्कार झाला होता. एका बाईच्या दंडावरची पिवळी पुरचुंडी सोडली, आणि मंगळवारी पांढराशुभ्र बांधलेला चांदीचा रुपया तव्याच्या बुडासारखा काळाकुट्ट निघाला. लोकांनी बिरोबाच्या नावानं चांगभलं केलं, भंडारा उधळला. माझ्या शेजारची म्हातारी तर हुंदके देऊन रडत होती.

तात्यासाहेब महाराजांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पोरी, रोग गिळलेला रुपया घरात ठेवत्यात व्हय? तो जातो तलावाच्या पोटात. तुला पायजे तर बुडी मार आन् इचार पाण्याला!"

सगळी शेड हसली. मी खाली बसले. डबा जिंकला होता, पण हसू येईना. कारण पुढची पुरचुंडी माझ्या ताईची होती.

अक्षदाताई वीस वर्षांची. तिला बारावीत पहिल्यांदा फिट आली. घाटीतल्या, म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या, डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, आणि अडीच वर्षं एकही फिट आली नाही. मग लासूर स्टेशनचं स्थळ आलं. पाहुणे पोहे खाऊन, हसून गेले, आणि तिसऱ्या दिवशी निरोप आला, "पोरीला डाग हाय म्हणं. आमाला जमायचं नाय." कुणी सांगितलं, कसं कळलं, देव जाणे. तेव्हापासून आईच्या घशाखाली घास उतरेना. पप्पा ड्यूटीवरून आले की गणवेशावरच भिंतीला टेकून बसायचे. डाग, डाग, डाग. आमच्या दोन खोल्यांत दुसरा शब्दच उरला नव्हता.

महाराजांचा तर धंदाच डाग काढायचा. "गोळीनं डाग झाकतो, निघत नाय! डाग काढायचा तर गोळी बंद. हाली रुपया आणा, आपल्या निजामाच्या टायमाचा, चारमिनारवाला. पण चित्रातलं दार शाबूत पायजे! दार झिजलं तर रोग आत शिरंल कुठून? दार खुलं..."

"रोग गेला!" लोक ओरडायचे.

रुपया पारखायला त्यांचा चेला होता, कडुबा. भिंग डोळ्याला लावून दहातले नऊ रुपये परत फेकायचा. "झिजलेला हाय. ह्याचं दार बंद." मग माणूस मुकाट्यानं कडुबाच्याच पेटीतला 'खुल्या दाराचा' रुपया विकत घ्यायचा. भाव तुम्हीच ओळखा.

आमचा रुपया घरचा होता. माझी आजी, द्वारकाबाई, गळ्यात हाली रुपयांची माळ घालायची. ती गेल्यावर माळेतला एकच रुपया उरला होता. सोनारानं त्याची कडी छन्नीनं तोडून दिली. कडुबानं नाक मुरडलं, "कडेला डाग हाय. पण दार चांगलंय, चालंल." त्या दिवशी, माझ्या प्रश्नानंतर, ताईची पुरचुंडी सोडली. रुपया काळा! आईनं महाराजांच्या पायावर डोकं ठेवलं. गोळ्यांचा डबा घरच्या पेटीत गेला आणि किल्ली आईच्या कमरेला.

नवव्या दिवशी ताई चहा करताना पडली. उकळतं आधण हातावर सांडलं. कोपरापर्यंत फोडच फोड.

"एक डाग गेला, त्याच्या खालचा वर आला," महाराज म्हणाले. "दुसरा रुपया लागंल."

त्या रात्री पप्पा आईला म्हणाले, "सारजा, अजून किती डाग निघत्याल गं?" आईनं कमरेची किल्ली चाचपली. ताई माझ्या कानात म्हणाली, "सायली, मला गोळी पाहिजे. मला लई भीती वाटती." मोठी बहीण, पण लहान पोरीसारखी बोलली.

दुसरा रुपया परत फेकला गेला तर आणखी एक आठवडा जाणार, म्हणून पप्पा मला घेऊन शहागंजला मोईनचाचांकडे गेले. जुन्या नाण्यांचं त्यांचं दुकान कपाटाएवढं आहे. पप्पांना चष्म्याशिवाय बारीक दिसत नाही, म्हणून पारखायचं काम माझ्याकडे.

"बेटी, पैले पकडना सीखो," चाचांनी माझ्या बोटांवर टपली मारली. "सिक्का कडेनं धरायचा. उसके मूपे हात नै लगाना." मग त्यांनी एकेक दाखवलं. रुपया दगडावर टाकून आवाज ऐकायचा. चांदीचा लांब वाजतो, भेसळीचा लगेच बसतो. काट्यावर तोलायचा. मग मिनारांची टोकं बघायची, झीज तिथं कळते. मग दारातलं बारीक अक्षर. शेवटी कड फिरवून बघायची.

"ये देखो, डाग."

मी दचकलेच. "कसला डाग?"

"डाग बोले तो झाळ. इथं कडी जोडली होती, माळेसाठी. सोनार डाग देतो ना, वो. घासला तरी जात नै. हर सिक्के का डाग अलग, जैसे अपने अंगूठे का निशान." मग त्यांनी एक लखलखीत रुपया पुढं केला. "और ये, जो जास्ती चमकरा ना, उसकू किसीने नहलाया. पुरानी चांदी ऐसी नै चमकती. काली पडी थी, धो डाली."

"धुता येतो काळा रुपया?"

"क्यों नै? गरम पानी, खाने का सोडा, थोडा नमक और वो रोटी लपेटने का चमकीला कागज. दस मिनट."

पप्पांनी विचारलं, "चाचा, दार शाबूत असलेला आहे का एखादा?"

चाचा हसले. "हर्सूल से आए ना? सबकू वोइच होना. मेरे पास नै."

म्हणून गुरुवारी आम्ही कडुबाच्या पेटीसमोर उभे राहिलो. पप्पांनी रुपया माझ्या हातात दिला. मी कडेनं धरला. मिनार ठीक. दारातलं अक्षर ठीक. चमक मात्र जरा जास्तच. मग मी कड फिरवली.

कडेला झाळेचा गोळा. त्याच्याशेजारी छन्नीचा तिरका घाव.

आजीच्या मांडीवर बसून त्या गोळ्यावरून मी हजारदा बोट फिरवलं होतं. तलावाच्या पोटातला रुपया कडुबाच्या पेटीत कसा आला?

तिथं ओरडले असते, तर लोकांनी मलाच बाहेर काढलं असतं. मी गप्प बसले. आयुष्यात पहिल्यांदा भीतीनं नाही, ठरवून गप्प बसले. रुपया घेतला, महाराजांनी दिलेली भंडाऱ्याची पुडी घेतली आणि घरी आले. "ओला करून दोन दिवस बांधा," एवढंच त्यांनी सांगितलं होतं.

ताईला सगळं सांगितलं. आम्ही दोघींनी मिळून दोन पुरचुंड्या केल्या. भंडारा एकच, पाणी एकच. ताईच्या दंडावरच्या पुरचुंडीत आताचं दोन रुपयांचं साधं नाणं. आजीचा रुपया बांधला वरवंट्याला, आणि वरवंटा ठेवला गच्चीवर उन्हात, जुन्या डब्यात झाकून.

शनिवारपर्यंत थांबायचं होतं. शुक्रवारी दुपारी ताईला पुन्हा फिट आली. जीभ चावली, ओढणी रक्तानं भरली. आई कांदा आणायला धावली, शेजारच्या आशाबाई चप्पल घेऊन आल्या. "नाकाला नका लावू काही!" मी ओरडले. ओरडता येतं मला, हे तेव्हा कळलं. ताईला कुशीवर वळवलं, डोक्याखाली दप्तर सरकवलं आणि घड्याळ बघत बसले. दोन मिनिटं. माझ्या जन्मातली सगळ्यात लांब दोन मिनिटं.

ताईला झोप लागली. पप्पा ड्यूटी सोडून पळत आले. आई उंबऱ्यात बसून कपाळ बडवत होती. "आता कुटं जाऊ? कोन्या देवाला इचारू?"

मी गच्चीवरून वरवंटा आणला आणि दोघांच्या मधे ठेवला. गाठ सोडली. रुपया काळा.

"बघा. वरवंट्याचा रोग निघाला."

आईला काहीच कळेना. मी ताईच्या दंडावरची पुरचुंडी अलगद सोडली. दोन रुपयांचं नाणं जसंच्या तसं, चकचकीत.

"फिट ताईला आली आणि काळा रुपया वरवंट्याचा. आई, वरवंट्याला मिरगी असते का गं?"

मग उरलेली पुडी पप्पांपुढं धरली. "वास घ्या." त्यांनी आधी कपाळाला लावली. भंडारा तो, आमच्या घरात तो जमिनीवर सांडू देत नाहीत, नाकाला कोण लावणार? हीच तर महाराजांची हुशारी होती. "पप्पा, पाया पडा, पण वास पण घ्या."

पप्पांनी हुंगलं. पुन्हा हुंगलं. चिमूटभर बशीत घेऊन काडी लावली. निळसर ज्योत, आणि फटाक्यासारखा झणझणीत धूर. पप्पा खोकले.

"गंधक हाय हा," ते म्हणाले. "तीन साल द्राक्षाच्या बागांत गंधक उडवलाय म्या. हळदीत गंधक कालवलाय त्यानं. बिरोबाच्या भंडाऱ्यात!"

पप्पांचा आवाज तसा मी कधी ऐकला नव्हता.

बाकीचं सोपं होतं. ओला गंधक चांदीला लागला, ऊब मिळाली, की वर काळा थर चढतो. हात रोग्याचा असो, पैलवानाचा असो, नाहीतर दगडाचा वरवंटा असो. स्टीलला काही होत नाही. मी पातेल्यात गरम पाणी घेतलं. सोडा, मीठ, आणि माझ्या डब्यातल्या पोळ्यांचा चमकीचा कागद. काळा रुपया त्यावर ठेवला. उकडलेल्या अंड्यासारखा वास सुटला आणि आईच्या डोळ्यांसमोर रुपया हळूहळू पांढरा झाला. मी तो आईच्या तळहातावर ठेवला, कड वर करून.

आईचं बोट फिरलं आणि थांबलं.

"ह्यो तर... सासूबाईंचा हाय."

"डाग बघितलास ना? हाच एक खरा डाग आहे आपल्या घरात. झाळेचा. ताईला डाग नाही, आजार आहे. डोक्याचा आजार, जसा पोटाचा असतो तसा. त्याला गोळी आहे, आणि ती अडीच वर्षं लागू पडत होती. कुणी काहीही काळं-पांढरं करून दाखवलं, तर हात जोडायच्या आधी एवढंच विचारायचं: हेच दगडाला बांधलं तर काय होईल?"

आई रडायला लागली. मीही रडत होते, लपवत नाही. पण रडत रडत हात पुढं केला.

"आई, पेटीची किल्ली दे. आत्ताच्या आत्ता ताईला घेऊन घाटीत जाऊ. किती गोळ्या चुकल्या, हात कसा भाजला, सगळं मी सांगणार डॉक्टरांना. आणि पप्पा, पुढच्या गुरुवारी तुम्ही याल तर बरं, नाही आलात तरी मी दरबारात जाणार. हा रुपया कडेनं धरून उभी राहणार आणि तोच प्रश्न विचारणार. या वेळी पैजेवर नाही."