मोरेश्वरच्या गुडघ्यावरची पट्टी

खट् करून पत्र्याच्या पेटीचं झाकण उघडलं आणि दुपारची सामसूम मोडली. आठ वर्षांच्या पुष्पानं मला बाहेर काढलं. मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे, गुडघ्याला गुंडाळायची. आता माझा ताण गेला, कडा उसवल्या. पण एके काळी सौंसरच्या मैदानावर मी पुष्कळ टाळ्या ऐकल्या आहेत.

सुती धागे पिळून मला विणलं आणि नागपूरच्या औषधांच्या दुकानातून मोरेश्वरनं, म्हणजे पुष्पाच्या वडिलांनी, मला आणलं. संत्र्याचे व्यापारी बापूजी यांच्या संघात तो पगारावर फुटबॉल खेळायचा. सराव झाला की त्याची बायको उषा मला धुवायची, सावलीत वाळवायची. उन्हानं माझा ताण जातो, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

एक्क्याऐंशी सालची गोष्ट. अंतिम सामन्याच्या तीन दिवस आधी मोरेश्वरचा गुडघा मुरगळला आणि टम्म सुजला. उषानं हळद-चुन्याचा गरम लेप घातला. इकडची रीत अशी, की लेप आपणहून सुटेपर्यंत पाय जमिनीला टेकवायचा नाही. सामन्याच्या सकाळी लेप अजून चिकटलेलाच होता आणि बापूजी दारात उभे.

"सूनबाई, लेप धुवून टाका. पट्टी आवळून बांधा, मंग पहा कसा घोड्यासारखा पळते!"

"सूज उतरली नाही जी अजून, बापूजी."

"बरं, अर्धाच वेळ खेळवतो. सांग ना मोरेश्वरा, बाईले!"

मोरेश्वर हसला. "बांध वं. घरी बसलो तर पुढच्या साली मले कोण ठेवते?"

उषानं कोमट पाण्यानं लेप काढला. तो सहज निघत नव्हता. मग तिनं मला इतकं आवळलं, की मोरेश्वरला दुखणं कळेनासं झालं. मित्रांनो, मी दुखणं दाबते. बरं करायचं मला येत नाही. पण तो उभा राहिला, तसं सगळ्यांनी बरं झालं असंच धरलं.

अर्धा वेळ संपला, तरी कुणी त्याला बाहेर काढलं नाही.

"लंगडी खेळून राहिला काय बे!" लोक ओरडले.

त्यानं चिडून गोल मारला. टाळ्याच टाळ्या! पुढच्याच धडकेत आत काहीतरी तुटलं. बापूजींनी मला आणखी आवळायला लावलं आणि त्याला पुन्हा मैदानात पाठवलं. संघ जिंकला.

तो गुडघा त्यानंतर कधी नीट वाकला नाही. पुढच्या साली संघात दुसरा गडी आला. मोरेश्वर आता बसस्टँडवर पानठेला चालवतो, एक पाय लांब करून. मी पेटीत पडले.

माझं मागणं एवढंच आहे. खेळाडू म्हणेल, 'चालते'. मालक म्हणेल, 'खेळू द्या'. तुम्ही मात्र त्याला हाताला धरून बाहेर बसवा. सामने काय, दर साली येतात.

त्या दुपारी उषा तांदूळ निवडत होती. पुष्पानं मला आपल्या गुडघ्याला गुंडाळून पाहिलं आणि विचारलं, ही कोणाची? तेव्हा उषानं तिला सगळं सांगितलं. लेपाचं, बापूजींचं, सामन्याचं.

पुष्पानं मला गुडघ्यावरून सोडलं.

"आई, सूज तर तुले दिसून राहिली होती ना? मंग तू बांधली काऊन?"