वरच्या काकांचा पत्ता

या, जरा पुढं सरकून बसा. भिंतीला टेकलात की डोळा लागतो आणि गोष्ट हातची जाते. ही आपल्या गंगापूर रोडवरचीच आहे. तिच्यात देव कुठल्या दारानं आला, ते शेवटी तुम्हीच ओळखा.

एक रक्तपेढी. तिची आठ गावांत केंद्रं, पण नोंदवही एकच, आणि ती तीन सर्व्हरांवर सारखी ठेवलेली. एक बसला तर उरलेल्या दोघांनी निभवायचं. लाडानं त्यांची नावं गोदा, गिरणा आणि दारणा. शनिवारी तिघांना नव्या खोलीत हलवलं आणि रविवारपासून एकाही गावात वही उघडेना.

ती वही सांभाळायची ज्योत्स्नानं. रविवारीच खोलीत जाऊन पाहावं तर तिन्ही सर्व्हर ठणठणीत, आपसात सुखानं बोलतायत. बाहेरून संगणक जोडावा तर गोदा दार उघडायची, ओळख पटवून घ्यायची, आणि मग सगळं गप्प. अर्ध्या मिनिटात जोडणी तुटे. पासवर्ड पाहून झाले, फायरवॉल झाली, केबलसुद्धा बदलली. कामातला जोडीदार ललित, त्याचं म्हणणं, मालेगावची लाइनच खराब. पण आठ गावांच्या लाइनी एकाच दिवशी कशा रुसतील?

आणि मालेगावच्या केंद्रात सहा वर्षांची स्नेहा खाटेवर होती. थॅलेसेमियाची पोर, दर तीन आठवड्यांनी रक्त लागायचं. कुठलं रक्त तिला सोसतं आणि कुठलं नाही, हे त्या वहीत. सोमवारी संध्याकाळच्या आत रक्त चढायलाच हवं होतं. रविवारी रात्री ज्योत्स्ना सर्व्हरवरची कच्ची नोंद फोनवर वाचून दाखवायला तयार होती, पण ऐकीव माहितीवर लेकराला रक्त देणार नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. त्यांचं चुकलं नव्हतं. म्हणून यंत्रमागावर काम करणारा स्नेहाचा बाप, भिका, जुनी कागदी फाइल न्यायला पहाटेच्या एसटीनं नाशिकला आला.

फाटकावर वॉचमननं त्याला वरच्या काकांकडे जायला सांगितलं. वरचे काका म्हणजे फायली सांभाळणारे सावळीराम, हे ऑफिसात सगळ्यांना पाठ. भिकाला काय माहीत? तो वर जाई, सगळीकडे बंद दारं दिसत, खाली येऊन पुन्हा विचारी, पुन्हा तेच उत्तर. शेवटी जिना पुसणाऱ्या धोंडाबाईंनी त्याला थांबवलं, सावळीरामांकडून फाइल काढून दिली आणि त्याला तसंच ज्योत्स्नाच्या टेबलापाशी आणलं.

"ताई, त्या वॉचमनला जरा सांगा. वरचे काका घरातल्याला ठावं. बाहेरच्यानं कुठं हुडकायचं? दुसरा मजला, सात नंबरची खोली, असं सांगावं का नाय? तीनदा फाटकाशी माघारी आला बिचारा."

ज्योत्स्नाचा हात कीबोर्डवरच राहिला.

"ललित, गोदा बाहेरच्याला काय पत्ता देते?"

ललितनं उघडून पाहिलं आणि कान पकडले. गोदा पाहुण्याला आत घेऊन सांगत होती, तुझी नोंद गिरणाकडे, नाहीतर दारणाकडे. ती नावं त्या खोलीपुरती. बाहेरचा संगणक गावभर शोधून, दमून परत फाटकाशी. शनिवारी पत्त्याच्या जागी ही लाडकी नावं ललितनंच भरली होती.

"कान सोडा," धोंडाबाई म्हणाल्या, "पत्ता लिवा."

बाहेरून सापडेल असा पत्ता तिघांनाही दिला, एकेकाला बंद करून पुन्हा चालू केलं. सव्वाअकराला मालेगावहून फोन आला, वही उघडली. आणि तिच्यात स्नेहाच्या नावापुढे गेल्या महिन्यातली एक ओळ होती: एका प्रकारचं रक्त आता हिला चालणार नाही. भिकाच्या काखेतली फाइल वर्षापूर्वीच थांबलेली. तिच्यात ती ओळ नव्हतीच.

ज्योत्स्नानं हे समजावलं तेव्हा भिका फाइल मांडीवर घेऊन जमिनीवरच बसला. तीनदा फिरायला लावलं म्हणून मघाशी कुरकुरत होता. आता धोंडाबाईंच्या पायाला हात लावून आपल्या अहिराणीत एवढंच म्हणाला, "मनी पोर वाचनी, माय."

धोंडाबाईंनी पाय मागं घेतले. ओल्या फरशीवर बसू नका म्हणाल्या आणि उरलेला जिना पुसायला गेल्या.

तर माझ्या मायबापांनो, आरतीनंतर हात जोडाल तेव्हा स्नेहासाठी मागालच, ते मला ठाऊक आहे. पण एक नाव धोंडाबाईंचंही घ्या.