वस्तऱ्याच्या साक्षीने आउडाक्स

लॅटिनच्या वरच्या वर्गात जायचं तर सरांची परवानगी लागते, आणि मला ती हवीच होती. पण सर कुणाला धड बोलू देतील तर शपथ. पहिली चूक कानावर पडली की "बस खाली". मी तर चूक करायच्या आधीच बसायचे.

शनिवारी सर आमच्या दुकानात दाढीला आले. बाबा न्हावी आहेत, आणि दुकानाचा कायदा एकच: वस्तरा गळ्यावर असताना गिऱ्हाइकाने चकार शब्द काढायचा नाही. मी खाली पडलेले केस झाडत होते. बाबांनी सरांची हनुवटी वर केली, वस्तरा टेकवला, आणि माझी ट्यूब पेटली.

"आउडाक्स," मी झाडू भाल्यासारखा उभा धरून म्हणाले. "लॅटिन विशेषण. अर्थ धीट. जरा जास्त झालं की आगाऊ."

सरांचे डोळे माझ्याकडे वळले. बाकी काही वळवायची सोय नव्हती.

मग काय, मी सुटलेच. मुलगा असो, मुलगी असो की टेबल, कर्ता असेल तर तिघंही आउडाक्सच, हे सांगून टाकलं. पुढे धडाधड विभक्तीची रूपं, आउडाकिस, आउडाकी, आउडाकेम, परत आउडाकी. मग अनेकवचन. आउडाकेस, आउडाकुम...

सरांची भुवई टुणकन वर गेली.

"हलू नका, सर," बाबा म्हणाले.

एरवी मी मटकन खालीच बसले असते. पण बस म्हणणाऱ्याचं तोंड बंद होतं, तेव्हा उभ्याउभ्याच जरा विचार केला. "आउडाकियुम," मी म्हटलं. भुवई खाली आली. मग आउडाकिबुस वगैरे करत थेट शेवट गाठला.

बाबांनी फेस पुसला, तुरटी फिरवली. सर आरशातूनच माझ्याकडे बघत होते.

"वर्गात का नाही म्हणत असं?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "वर्गात तुम्ही बोलता ना, सर."

सरांचे कान लाल झाले, मग ते चक्क हसले. सोमवारपासून वरच्या वर्गात ये म्हणाले. पण जित्याची खोड ती, दारात वळून विचारलंच, नपुंसकलिंगी अनेकवचन राहिलं, त्याचं काय?

ते मला येत नव्हतं.

"ते तुम्ही सोमवारी शिकवा," मी म्हणाले, आणि उरलेले केस सुपलीत भरले.