दुसरा बुधवार

सासूबाईंनी दोन नंबरच्या मशीनचे दार उघडले, आत हात घातला आणि एका परक्या माणसाची ओली विजार बाहेर काढून झटकली. झटका असा, की पाण्याचे चार थेंब पलीकडच्या इस्त्रीच्या टेबलापर्यंत उडाले आणि निम्म्या सुरकुत्या तिथल्या तिथे नाहीशा झाल्या.

"आई, ते कपडे दुसऱ्याचे आहेत," सून दारातूनच म्हणाली.

"आहेत ना. आणि तो दुसरा बसलाय न्याहारीला. मशीन थांबून वीस मिनिटं झाली."

जहाजाच्या सहाव्या मजल्यावर, जिन्यामागच्या अरुंद खोलीत प्रवाशांसाठी चार धुण्याची मशीन, चार वाळवण्याची आणि इस्त्रीची दोन टेबले होती. प्रवासी हजाराच्या वर, त्यामुळे रोज सकाळी तिथे शेजारधर्माची कसोटी लागे. तो दुसरा म्हणजे एक दाढीवाला दंतवैद्य होता. न्याहारी आटपून पाऊण तासाने तो तणतणत आला, तेव्हा त्याच्या कपड्यांना हात लावायचा हक्क कोणी दिला हे त्याला विचारायचे होते. पण तोवर कपडे वाळून, घड्या होऊन टेबलावर बसले होते. त्याने वरचा सदरा उचलून पाहिला, मग खालचा. मग आवाज उतरवून, कॉलर अशी ताठ कशी राहते एवढेच विचारले. दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन शिकायला आला.

सासूबाईंनी चौतीस वर्षे एका मोठ्या हॉस्पिटलचा धुलाई विभाग सांभाळला होता. सहाशे खाटांच्या चादरी, उशांचे अभ्रे, शस्त्रक्रियेचे हिरवे कपडे, सगळे त्यांच्या हाताखालून जाई. डॉक्टरसुद्धा त्यांना मुकादमबाई म्हणत आणि आवाज जरा खाली ठेवून म्हणत. प्रत्येक वॉर्डाच्या कपड्याला आतल्या कोपऱ्यात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा एक टाका असे. चौतीस वर्षांत चुकीच्या वॉर्डात फक्त एकदा एक चादर गेली होती, आणि त्या चादरीची हकिकत घरात सगळ्यांना पाठ होती.

म्हणूनच मुलाने हा प्रवास ठरवताना धुलाईचे पैसेही आधीच भरून टाकले होते. केबिनमधल्या पिशवीत कपडे टाकायचे, की दोन दिवसांनी इस्त्री होऊन दाराशी. आईने बेचाळीस दिवस हाताची घडी घालून समुद्र बघावा, एवढीच त्याची इच्छा. सासूबाईंनी ती पिशवी पहिल्याच दिवशी नीट घडी करून खणात ठेवली आणि सहावा मजला शोधून काढला. जित्याची खोड, असे म्हणून सून हसली आणि मागोमाग गेली.

मागोमाग जाणे हेच तिचे काम होते. चार महिन्यांपूर्वी सासूबाई एका रविवारी पोस्टाच्या बंद दारापुढे दोन तास बसून राहिल्या होत्या. वार लक्षातच नव्हता. शेवटी रखवालदाराने मुलाला फोन केला. तेव्हापासून मुलाच्या डोक्यात एकच होते, आईचे घर बंद करायचे आणि तिला आपल्याकडे आणायचे. सासूबाईंनी त्यावर हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. चिठ्ठ्या लिहून ठेवत जा, असे त्याने सुचवले, तर म्हणाल्या, "कागद हरवतो. अंगावरचं काही हरवत नाही." कोणालाच त्याचा अर्थ लागला नाही, आणि विषय तिथेच राहिला.

निघताना बंदरावर नवऱ्याने सुनेला बाजूला घेतले होते. ती शिकवायची त्या शाळेला सुट्टी होती म्हणून ती जाऊ शकत होती, त्याला रजा नव्हती. डोळ्यांत तेल घालून बघ, तो म्हणाला. रोज सहज म्हणून वार विचारत जा. एकदा जरी चुकली, तरी परत आल्यावर मी कुलूप लावतो. त्याने आपल्याकडची मागची खोली रिकामीही करून ठेवली होती. तो वाईट नव्हता, घाबरलेला होता. घाबरलेला माणूस घाई करतो. प्रवासाच्या छापील पुस्तिकेत एका ठिकाणी बुधवार दोनदा आला होता, तेव्हाही त्याने छापणाऱ्याच्या नावाने खडे फोडून दुसऱ्या बुधवारावर पेनाने काट मारली होती.

सून रोज वार विचारी. तिला त्याची लाज वाटे, पण विचारी. सासूबाई हातातले काम थांबवत, डाव्या बाहीचे टोक जरासे नीट करत आणि सांगत. सोमवार. शुक्रवार. एकदाही चूक नाही. त्यांचे बाहेरचे कपडे म्हणजे एकाच शिंप्याकडून शिवलेले राखाडी सुती सात जोड, एकासारखा एक. लांब बाह्यांचा अंगरखा आणि विजार. लोक जेवणाच्या वेळी झगमगून येत, त्यात त्या तशाच राखाडी, पण कडक घडीच्या. बघणाऱ्याला आपलेच कपडे चुरगळलेले वाटत.

तिसऱ्या आठवड्यात वाळवणाच्या मशीनमधून कपडे काढताना सुनेच्या बोटाला हिरव्या दोऱ्याचा एक तुकडा लागला. राखाडी अंगरख्याच्या डाव्या बाहीत, टोकाशी आतल्या बाजूने दोन बारीक छिद्रे दिसत होती. दोरा तिथलाच होता. रात्री केबिनमध्ये तिने चळतीतला दुसरा अंगरखा उलटला, तिथे पिवळा टाका होता. तिसऱ्यात लाल. वॉर्डाच्या खुणा, तिला आधी वाटले, हाताची सवय. मग ती मोजत बसली. सात अंगरखे, सात रंग. तिला एकदम ते बाहीचे टोक नीट करणे आठवले.

सुतावरून स्वर्ग गाठणाऱ्यांतली ती नव्हती, पण इथे सूत हातातच होते. त्या आठवड्याच्या बुधवारी सासूबाईंच्या बाहीतून हिरवे टोक डोकावलेले तिने पाहिले होते, उसवलेला धागा समजून. म्हणजे कपड्यांची चळतच त्यांचे कॅलेंडर होती. धुतलेला जोड तळाशी जाई, वरचा जोड म्हणजे उद्या. जहाजाच्या धुलाईत कपडे दोन दिवस गेले असते, उलटसुलट होऊन आले असते आणि सगळे वार सांडले असते. म्हणून पिशवी खणात आणि म्हणून रोज सहावा मजला.

पोस्टाच्या पायरीवरचे ते दोन तास सुनेला आठवले. बाईचे एकदा चुकले होते. त्यावर रडत न बसता, कोणाला दोष न देता तिने घरी जाऊन सुईत दोरा ओवला होता. सून कितीतरी वेळ तो हिरवा तुकडा बोटाला गुंडाळत उभी राहिली. कोणाविषयी इतका आदर वाटल्याचे तिला आठवेना. केबिनमधल्या शिवणाच्या पुडीत हिरवा दोरा नव्हता, म्हणून तिने आपल्या हिरव्या झग्याची कड थोडी उसवली, त्या दोऱ्याने बाहीत टाका घातला आणि जोड होता तिथे ठेवून दिला. सासूबाईंना काही सांगितले नाही. नवऱ्यालाही नाही.

पुढच्या बुधवारी दुपारी कप्तानाने ध्वनिक्षेपकावरून सांगितले, की आज जहाज आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडत आहे, तेव्हा उद्याही बुधवारच असेल. डेकवर लोकांनी टाळ्या वाजवल्या, फुकटचा दिवस मिळाला म्हणून. सुनेच्या डोळ्यांपुढे मात्र कपड्यांची चळत आली. ती नववीला भूगोल शिकवत होती. फळ्यावर ती रेषा तिने इतक्यांदा काढली होती, पण काखेत कळसा म्हणतात तसे झाले. पुस्तिकेतला तो दुसरा बुधवार छापणाऱ्याची चूक नव्हताच. आता उद्या सकाळी चळतीतून पिवळा टाका वर येणार, सासूबाई बाही बघून गुरुवार म्हणणार, आणि मग उरलेले सगळे दिवस एकाने पुढे.

रात्री जेवण झाल्यावर सासूबाई आंघोळ करून, दुसरे घरचे कपडे घालून दंतवैद्याच्या बायकोला उशीचा अभ्रा चढवायला शिकवायला गेल्या. सुनेने त्यांचा अंगावरून उतरलेला हिरव्या टाक्याचा जोड उचलला आणि सहाव्या मजल्यावर धाव घेतली. धुतला, वाळवला, इस्त्री केली. तीन वेळा केली, कारण हिच्या हाताची घडी त्यांच्या हाताच्या घडीत लपणारी नव्हती. मग गरम कपडे छातीशी धरून ती केबिनमध्ये आली. बेत साधा होता. उद्यासाठी खुर्चीवर काढून ठेवलेला पिवळा जोड तळाशी सारायचा आणि त्या जागी हा ठेवायचा.

खुर्चीवर राखाडी जोड होता. तिने बाही उलटली. आत पिवळा टाका नव्हता. हिरवे टाके होते, एकाशेजारी एक, दोन.

तिने चळत मोजली. हातातला आणि खुर्चीवरचा धरून आठ जोड होते. खुर्चीवरचा हा आठवा नवा कोरा होता, शिंप्याकडून आल्यावर एकदाही पाण्यात न गेलेला, आणि घरून निघण्याआधीच टाके घालून पेटीच्या तळाशी ठेवलेला. मुलगा पुस्तिकेवर काट मारत होता तेव्हा त्या काही बोलल्या नव्हत्या. बहुधा दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रवास कंपनीला स्वतः फोन करून विचारले असावे. सून पलंगाच्या कडेवर बसली. तिला हसूही आले आणि रडूही आले, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे तिने तोंडावर तो गरम अंगरखा धरला. मग उठून तो तिने चळतीच्या तळाशी ठेवला.

दुसऱ्या बुधवारी दुपारी चारला नवऱ्याचा फोन आला. तिकडे सकाळ होती, तो चहा घेत होता. सासूबाई इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या होत्या. सुनेने फोन मशीनच्या पाठीला टेकवून ठेवला, म्हणजे त्या दोघी त्याला दिसाव्यात. जेवणाखाण्याची विचारपूस झाली. मग तो अगदी सहज, हसत म्हणाला, "आई, आज वार कोणता गं?"

सासूबाईंनी इस्त्री उभी केली आणि बाहीचे टोक नीट केले.

"बुधवार."

 चहाचा कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आणि काल?"

"कालही बुधवारच होता."

पडद्यावर त्याचा चेहरा इतका पडला, की सुनेला त्याची दयाच आली. त्याने आईकडे बघणे टाळून तिच्याकडे पाहिले आणि हळू आवाजात म्हणाला, "बघितलंस? आज गुरुवार आहे. मी त्या खोलीला रंग लावून घेतो."

सून बोलायला पुढे झाली, पण सासूबाईंचे आधीच सुरू झाले होते. आवाज चढलेला नव्हता. हॉस्पिटलात नव्या माणसाला चादर कशी धरायची ते सांगताना असावा तसा होता.

"तुझ्याकडे गुरुवार. आमच्याकडे तू काट मारलीस तो बुधवार."

 मग त्याला ती पुस्तिका आठवली असावी, कारण त्याने कपाळावर हात मारला आणि आधी कसनुसा, मग मोकळा हसला. आईने मात्र इस्त्री पुन्हा हातात घेतली होती. जरा वेळाने त्याने बायकोला विचारले, आता आई ऐकत असली तरी चालेल अशा आवाजात, "तुला काय वाटतं? एकटी राहील?"

"मी भूगोल शिकवते," ती म्हणाली, "आणि आज सकाळी माझ्या वहीत मी गुरुवार लिहिला. मग खोडला. त्या नाही चुकल्या. त्यांचं घर त्यांनाच राहू दे. खोलीचं काय करायचं ते आपण आल्यावर बघू."

"नक्की?"

"नक्की."

फोन ठेवल्यावर खोलीत मशीनची घरघर तेवढी राहिली. सुनेने टोपलीतला एक टॉवेल उचलून उगाच घडी घालायला घेतली. सासूबाई पाठमोऱ्याच होत्या.

"त्याला सांगितलं नाहीस."

"काय?"

"दोऱ्याचं."

सुनेने टॉवेलची घडी मोडून परत घातली. सासूबाईंनी शेजारच्या ढिगातून हिरव्या टाक्याचा अंगरखा काढला. सकाळी चळतीच्या तळातून त्यांनी तो बाहेर घेतला असावा. त्यांनी डावी बाही उलटली आणि चष्मा खाली ओढून पाहिली.

"कालचा जोड तू धुतलास. इस्त्री बरी आहे. आणि ही गाठ तुझी. माझी डावीकडे वळते."

"चुकली का?"

सासूबाईंनी अंगठ्याच्या नखाने गाठ उचकून पाहिली. ती हलली नाही.

"चुकली नाही. फार घट्ट झालीय. उद्या वार बदलावा लागला तर उसवता यायला हवी." त्यांनी अंगरखा सुनेच्या हातात दिला. "पुढच्या वेळी जरा सैल मार."