फुगा फुटेना

रोह्याच्या जत्रेत दिपिकाने फुग्यांची फळी मांडली. पहिल्याच गिऱ्हाइकाने छर्‍याची बंदूक उडवली, तेव्हा सुतळी बॉम्बसारखा आवाज झाला आणि नळीतून धूर निघाला. फुगा मात्र जागच्या जागी डुलत राहिला. दुसऱ्याचा छर्रा मागच्या ताडपत्रीत घुसला, तिसऱ्याचा लाकडात रुतला.

"नळी वाकवून ठेवलीय बाईनं," कुणीतरी मोठ्याने म्हणालं आणि घोळका पांगला.

दिपिकाच्या मनात एकच नाव आलं. मिथुन, तिचा धाकटा दीर. जत्रेतल्या आकाशपाळण्यापलीकडे त्याचीही फुग्यांची फळी होती. परवाच पेणला घरी तिच्या नवऱ्याने, काळुरामने, बंदूक खोलून नवी स्प्रिंग आणि हवा दाबणाऱ्या दट्ट्याला नवा वायसर घातला होता. स्प्रिंग आणली होती मिथुनने. काळुराम कंपनीत शिफ्टला गेल्यावर बंदूक ओटीवर तशीच पडून होती, आणि मिथुन तिथेच चहा पीत बसला होता.

तिने आधी दस्त्याचे स्क्रू पाहिले. घट्ट होते. मग छर्रा भरला, भरताना नळी जिथे उघडते त्या सांध्यावर कागदाचा कपटा ठेवला आणि चाप ओढला. हवा गळत असती तर कपटा उडाला असता. तो हलला नाही. म्हणजे खोट नळीतच. कुणीतरी गुडघ्यावर घेऊन दाबली असणार. आणि कुणीतरी म्हणजे कोण, हे काय सांगायला हवं?

पलीकडे फुगे फटाफट फुटत होते. दुपारी मिथुन स्वतःच आला.

"वयनी, आज गर्दी नाय तुझ्याकडं?"

तिला ते टोचलं.  तिने बंदूक त्याच्या हातात दिली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मिथुनने नळी सांध्यातून उघडली, डोळ्याला लावून आरपार पाहिलं, मग नाक लावलं.

"नळी सरळ हाय. पण जळक्या तेलाचा वास येतोय. आत तेल कुणी ओतलं?"

"तूच सांग."

मिथुनने मान वर केली. तिचा रोख त्याने ओळखला. मग खिशातून मोबाईल काढून त्याने भावाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"अरे, वायसर बसत नव्हता," काळुराम पलीकडून म्हणाला, "म्हणून मशीनच्या तेलात चांगला बुडवला नि बसवला. का रं?"

"तेल पेट घेतंय आत. म्हणून धूर, नि छर्रा वाटेल तिकडं."

काळुराम हसला. मिथुन हसला नाही. त्याने बंदूक खोलली, चिंधी गुंडाळलेल्या काडीने आतलं तेल टिपून काढलं, पुन्हा जोडली. पहिले काही बार धुराचे गेले, मग आवाज बारीक झाला आणि लाल फुगा फुटला.

"मिथुन, चहा घे," दिपिका म्हणाली. "माझ्या मनात भलतंच आलं होतं."

"समजलं मला." तो हात पुसत उठला. "विचारायचं तरी होतंस गो वयनी."

चहा न घेताच तो गेला. संध्याकाळी तिच्या फळीपुढे रांग लागली, पण तिचं लक्ष पाळण्यापलीकडेच होतं.

दुसऱ्या दिवशी मिथुनची फळी तिथे नव्हती. त्याने ती नदीच्या पुलापलीकडे, अष्टमी गावाच्या बाजूला हलवली होती. तिकडे गिऱ्हाईक जास्त, असं त्याने भावाला सांगितलं. काळुरामला ते पटलं. दिपिकाला नाही.