डाव्या काठावरचा सूर्य

मित्रांनो, मी एक जुनी टोपी आहे. रुंद काठाची, सशाचे केस दाबून केलेल्या फेल्टची. माझा रंग एके काळी गव्हाळ होता म्हणतात. आता तो कसला आहे हे मलाच सांगता येत नाही. घाम, लाल धूळ, मेंढ्यांच्या लोकरीचं तेल, माश्या आणि पुन्हा धूळ. पन्नासांहून अधिक उन्हाळे मी एकाच डोक्यावर काढले. दमले आहे. पण एक सल आहे, तो सांगितल्यावाचून खुंटीवर स्वस्थ लटकवत नाही.

दूर दक्षिणेच्या एका कारखान्यात मी झाले. फेल्ट वाफेवर धरलं की लोण्यासारखं मऊ होतं. मग लाकडी साच्यावर ताणायचं. एकदा धरलेला आकार ते सहजी सोडत नाही; पुन्हा वाफ मिळावी लागते. एवढं ध्यानात ठेवा.

तिथून आगगाडीने, मग मालमोटारीने मी क्वीन्सलंडच्या पश्चिम भागात आले, मेंढ्यांच्या मुलुखात. लेस टोलहर्स्ट नावाच्या तरुणाने मला विकत घेतलं, ते धाकट्या भावासाठी, मर्व्हसाठी. लेस सैन्यात भरती झाला होता, पुढल्याच आठवड्यात व्हिएतनामच्या लढाईवर निघायचा होता. त्याच्या स्वतःच्या लष्करी टोपीचा डावा काठ वर दुमडलेला आणि त्यावर उगवत्या सूर्याचा पितळी बिल्ला. मर्व्ह त्या बिल्ल्याकडे टक लावून बघायचा.

"ही घाल, शेंबड्या," लेस म्हणाला. "ऊन लागतं तुला लगेच, टोमॅटो होतो तुझा. आणि मी परत आलो की तुझाही काठ असा वर करून देतो."

लेस परत आला नाही. एका लहानशा पुडक्यातून बिल्ला आला. एकोणीस वर्षांच्या मर्व्हने चहाच्या किटलीवर मला धरलं, डावा काठ वर दुमडला आणि बिल्ला टोचला. त्या दिवसापासून तो काठ खाली आला नाही.

मित्रांनो, माझं काम एकच, सावली धरायची. उजव्या कानावर मी ती धरली. डाव्या कानाशी मात्र तो पितळी सूर्य होता, आणि वर आभाळातला खरा.

त्या बिल्ल्याने मला मान फार मिळवून दिला, हे नाकारत नाही. दर एप्रिलात पहाटे लढाईत गेलेल्यांच्या स्मारकापाशी माणसं जमत, तेव्हा म्हातारे सैनिक माझ्याकडे बघून मान तुकवत. नाचाच्या एका कार्यक्रमात नेरिडा नावाची मुलगी आपण होऊन पुढे आली आणि म्हणाली, "तुमचं कोण गेलं?" तिच्याशीच पुढे मर्व्हचं लग्न झालं. मेंढ्या वाढल्या, कुत्री म्हातारी होऊन मेली, नवी आली. दोनदा माझी कड उसवली, दोनदा नेरिडाने शिवली.

मर्व्ह अडुसष्टचा झाला त्या सुमारास डाव्या कानाच्या वरच्या कडेला एक खपली धरली. सातूच्या दाण्याएवढी. तो रोज सकाळी नखाने ती काढी आणि ती पुन्हा धरे. मी तिच्यापासून दोन बोटांवर होते. ती रुंदावत गेलेली मी पाहिली. टोपीला तोंड नसतं, मित्रांनो.

गावच्या बारमध्ये शेजारचा डग्लस म्हणायचा, "मर्व्ह, कान कुणी चावला रे? घोरपडीनं की बायकोनं?"

"बायकोचे दात वाटीत असतात, गड्या. घोरपडच."

सगळे हसत. मर्व्हही हसे, आणि कान चोळी.

वर्षातून दोनदा कातडीची डॉक्टर जवळच्या मोठ्या गावच्या सभागृहात येऊन बसे. किनाऱ्यावरून यायची, पास्को तिचं नाव, मुलीच्या वयाची. दारावर पाटी होती: एक डाग तपासायचे नव्वद डॉलर, सगळं अंग तपासायचे दोनशे वीस. काही पैसे सरकारी कार्डावर मागाहून परत येत, पण आधी भरायचे आपणच. शिवाय दीडशे किलोमीटर गाडी हाकायची, आणि लोकर कातरणीचा एक दिवस बुडवायचा.

"सगळं दाखव," नेरिडाने निघताना बजावलं.

"हो."

"हो म्हणजे हो?"

"हो म्हणजे ऐकलं."

दारापाशी तो पाटी वाचत बराच वेळ उभा राहिला. मग नव्वदच भरले. गाडी चालवताना उजवा हात खिडकीवर टेकून टेकून भाजून निघाला होता, त्यावर नाण्याएवढा तपकिरी डाग होता. तोच त्याला मोठा वाटला.

आत जाताच त्याने मला काढून मांडीवर ठेवलं. बाईमाणसापुढे टोपी डोक्यावर ठेवायची नाही, ही त्याची रीत. खुर्ची भिंतीला लागून होती. डावा कान भिंतीकडे आला, उजवा हात डॉक्टरकडे. तिने भिंग लावून डाग पाहिला.

"हा नुसता वयाचा आहे. काळजी नको. आता आलाच आहात, तर शर्ट काढा. पाठ, मान, कान बघून घेते."

"मी एकाचे भरलेत, डॉक्टर."

"असू दे हो. दोन मिनिटांचं काम."

"ज्याचे पैसे भरले नाहीत ते मी घेत नाही. आणि बाहेर अकरा जण ताटकळलेत. माझी दोन मिनिटं त्यांच्यातून जाणार."

तिने घड्याळ पाहिलं. सकाळपासून तिने पाणीही प्यायलेलं नव्हतं. "पुढच्या खेपेला नक्की," ती म्हणाली.

मांडीवर पडल्या पडल्या मी हे ऐकलं. मित्रांनो, हा माणूस लबाड असता तर कान दाखवून मोकळा झाला असता. त्याचा प्रामाणिकपणाच भिंतीसारखा आड आला.

"एकदम साफ!" घरी येऊन त्याने सांगितलं. नेरिडाने आनंदाने लाल भोपळा घालून पाव भाजले. मी खुंटीवर होते. त्या रात्रीइतकं जड मला पाणी पिऊन भिजल्यावरही कधी वाटलं नाही.

पुढची खेप कातरणीत गेली. तिच्या पुढची अशीच.

दीड वर्षाने एका रविवारी आम्ही प्रार्थनेला गेलो. गावचं देऊळ म्हणजे लाकडी, पत्र्याचं, आत तीस माणसं. तिथला पाद्री वयस्क होता आणि प्रवचन सांगता सांगता गाऊ लागायचा. बाजाची पेटी पुढ्यात ओढून म्हणायचा, "अरे, हा देह आपला कुठला? सांभाळायला दिलाय," आणि त्याच ओळीला चाल लावून सगळ्यांकडून म्हणून घ्यायचा. टोप्यांच्या खुंट्या मागच्या भिंतीला. मला ते गाणं फार आवडायचं. देवाच्या दारी टोपीलाही थोडी विश्रांती मिळते.

त्या दिवशी सगळे उभे राहून गात होते आणि मर्व्हच्या हातातल्या पदांच्या पुस्तकावर एक लाल थेंब पडला. मग दुसरा. नेरिडा त्याच्या डाव्या हाताला उभी होती. तिने वर पाहिलं. गाणं चालूच राहिलं. तिने पुस्तक मिटलं आणि आपला रुमाल त्याच्या कानावर दाबला.

"उद्या निघायचं," ती म्हणाली. "किनाऱ्यावर. त्याच बाईकडे."

"सहाशे किलोमीटर आहे. किती लागतील ठाऊक आहे?"

"शवपेटीचा भाव ठाऊक आहे मला. चांगली लाकडी विचारून ठेवलीय. ती घेऊ?"

दुसऱ्या दिवशी पहाटे मर्व्हने गाडी काढली.

पास्को डॉक्टरने या खेपेला खुर्ची खोलीच्या मध्यात ओढली. भिंग लावलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"हे तेव्हा होतं का?"

"होतं. पण मी एकाचेच भरले होते."

तिने भिंग खाली ठेवलं. "मर्व्ह, मीसुद्धा उठून पलीकडे आले नाही," ती हळू म्हणाली. "माझंही चुकलं."

तुकडा तपासायला गेला. बारा दिवसांनी निरोप आला, कर्करोगच. मग कानाचा वरचा अर्धा भाग गेला आणि जबड्याखालच्या गाठीही काढाव्या लागल्या. भूल देणाऱ्याचे वेगळे पैसे, खोलीचे वेगळे. एकशे तीस डॉलर वाचवले होते; आता साठ मेंढ्या विकल्या. आणि इतकं होऊन डॉक्टर म्हणाली ते एवढंच: "आत्ता तरी पुढे गेलेलं दिसत नाही. दर तीन महिन्यांनी या."

घरी आल्यावर मर्व्हने मला घातलं. अर्ध्या कानावर मी नीट बसेना, घसरले. तो ओसरीत बसला, मला मांडीवर घेऊन. नेरिडाने चूल पेटवून किटली ठेवली आणि बाहेर आली.

"काठ खाली घेते."

"बिल्ल्याला हात लावू नकोस. लेसचा आहे."

"लेसनं तुला काय दिलं होतं, मर्व्ह?"

"टोपी."

"कशाला?"

त्याने अंगठ्याने माझा काठ चाचपला. मग म्हणाला, "ऊन लागतं म्हणून."

"काठ त्यानं नाही वर केला. तो तू केलास."

किटलीत पाणी वाजायला लागलं तरी तो तसाच बसून होता. अखेर त्याने आपल्या हाताने पिन सोडवली. नेरिडाने मला वाफेवर धरलं आणि इतक्या वर्षांनी माझा डावा काठ हळूहळू सैल झाला, खाली आला. दुमडीच्या आत एक पट्टा निघाला, अगदी कोरा, गव्हाळ. माझा मूळ रंग तोच होता तर.

बिल्ला तिने पुढच्या फितीवर लावला. मर्व्ह मला घालून अंगणात गेला, दूर परमुलखात लेस पुरलाय त्या दिशेला तोंड करून उभा राहिला. राहिलेल्या अर्ध्या कानावर माझी सावली पडली.

आता दर तीन महिन्यांनी तो दोनशे वीस भरतो, मला डॉक्टरच्या टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "सगळं बघा. भरलेत." ती बघत असते तेवढा वेळ मी मनात त्या पाद्र्याची ओळ गुणगुणते. अजून एकदाही मला पुरती शांत झोप लागलेली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल, तर तिचा काठ खाली घ्या. आठवण पुढच्या फितीवरही छान दिसते. आणि डॉक्टरपुढे बसाल, तेव्हा खुर्ची भिंतीपासून थोडी सरकवून घ्या.