आठ दिवे आणि डोंगरी महाराज

दारव्ह्याजवळच्या त्या शाळेत कॉम्प्युटरच्या खोलीला जत्रेचं रूप आलं होतं. खिडक्यांना माणसं लोंबकळत होती. आत डोंगरी महाराज कॉम्प्युटरवर लाल फडकं टाकून, उदबत्त्यांचा धूर काढत त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसले होते.

"नव्या तारेत दोष नाही, भक्तहो! तार तपासाच्या टेस्टरचे आठी दिवे लागले. मंग इंटरनेट काहून येत नाही? पोरींच्या सावलीचा दोष! पोरींले या खोलीत येऊ द्याचं नाही. अन् दर अमावस्येले मले बोलवाचं!"

महाराजांनी फुंकर मारली. चेल्यानं फडक्याखाली हात घातला. पडद्यावर इंटरनेटचं पान झर्रकन उघडलं. "जय हो!" हेडमास्तर देवीलाल सर तर चक्क पाया पडले. दारात उभी दहावीची पायल रडवेली झाली. तिच्यासकट अकरा पोरींचा कॉम्प्युटरचा वर्ग बंद होणार होता.

केबल तपासायला यवतमाळहून आलेल्या कहकशां या तंत्रज्ञ तरुणीच्या अंगाचा तिळपापड झाला. बी.एड. झालेला हेडमास्तर फुंकरीवर भाळतो! ती पुढे झाली अन् तिनं मशीनची केबल खसकन उपटली. पान तसंच. तिनं दुसरं उघडलं, तेही उघडलं.

"काय महाराज, तार काढली तरी इंटरनेट चालून राह्यलं! मंग तुम्ही दुरुस्त काय केलं?"

"ए छोरी, भस्म हो जाएगी!"

"होते ना. आधी फडकं तं उचला."

मशीनमागे नखाएवढा वाय-फायचा तुकडा खोचलेला. चेल्याच्या खिशातला मोबाईल त्याला इंटरनेट पुरवत होता. खिडकीतली माणसं खो-खो हसली.

"पण बाई, आठी दिवे लागले होते नं?" देवीलाल सर चाचरले.

"सर, दिवे फक्त तार तुटली का अन् दोन्ही टोकाले क्रम सारखा का, एवढंच सांगतात. केबलीत आठ तारा, दोन-दोनले पीळ असते. तिसरी अन् सहावी एकाच पिळातली पाह्यजे. तुमच्या फिटरनं जोड्या नुसत्या ओळीनं लावल्या, दोन्ही टोकाले सारख्याच. दिवे लागले, पण सिग्नल एकमेकांत मिसळून नासला."

तिनं दोन्ही टोकं कापली, तारा नीट क्रमानं लावून नवे कनेक्टर दाबून बसवले, वाय-फायचा तुकडा काढून केबल खोचली. पान उघडलं. ना धूर, ना फुंकर. तोवर महाराज अन् चेला मागच्या दारानं पसार झाले होते.

"चुकला फिटर, फसवून राह्यला बाबा, अन् घरी बसवत होते पोरींले! समजत नसलं तं विचारा, उघडून पाहा. पाया पडाची एवढी घाई कायले, सर?"

सरांनी विझत आलेल्या उदबत्त्या उचलून बाहेर नेल्या. पायल कुणाची परवानगी न विचारता आत आली अन् महाराजांच्या रिकाम्या खुर्चीवर बसली.